तलावाचं पाणी जातं कुठे? : जलतरण तलावांची गळती आणि यंत्रांच्या तक्रारी

(नाशिकमधील गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि जलतरण तलाव चालवणारे कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न.)



विषय जाहीर झाला तेव्हा एकाने विचारलं, पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती हा काय व्याख्यानाचा विषय आहे? आता समोर बघतो तर सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी आहेत, त्र्यंबक रोड आणि गंगापूर धरणाकडचे फार्महाउसवाले आहेत, आणि अगदी मागच्या रांगेत तलाव चालवणारे ऑपरेटर बसलेत. ऑपरेटर मंडळींनी कृपा करून पुढे या. आज जे सांगणार आहे ते उद्या सकाळी तुम्हालाच करायचंय. चेअरमनसाहेब फक्त बिलावर सही करणार आहेत. (हशा)

एक काळ होता, नाशिकमध्ये पोहायचं म्हणजे गोदावरीचा घाट, नाहीतर महापालिकेचा सावरकर तलाव. आता गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, कुठेही नवीन इमारतीचं माहितीपत्रक उघडा, त्यावर निळं पाणी असतंच. तलाव बांधणारा बांधून जातो. तीन-चार उन्हाळे जातात आणि मग एप्रिलमध्ये सोसायटीच्या बैठकीत प्रश्न येतो: रोज पाणी भरतोय, जातंय कुठे? त्या प्रश्नावर बैठकीत पहिलं उत्तर येतं ते म्हणजे ‘वॉटरप्रूफिंग करून घेऊ’. दुसरं उत्तर, ‘तलाव रिकामा करून बघू’. आज मला या दोन्ही उत्तरांबद्दल बोलायचंय. पहिल्यात पैसा जातो. दुसऱ्यात कधीकधी तलावच जातो.

आधी हिशेब. समजा तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद. म्हणजे पृष्ठभाग ७२ चौरस मीटर. पाणी १ मिलिमीटर उतरलं की ७२ लिटर गेलं. १ सेंटिमीटर उतरलं की ७२० लिटर. हे दोन आकडे आपापल्या तलावाचे काढून प्लँट रूमच्या भिंतीवर लिहून ठेवा. आता नाशिकचा एप्रिल-मे. कोरडी हवा, दुपारचा वारा, उघडं पाणी. दिवसाला पाऊण सेंटिमीटर पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. म्हणजे कुठेही गळती नसताना आपल्या या तलावातून रोज पाचशे-साडेपाचशे लिटर पाणी हवेत जातं. त्याला कोणतंही वॉटरप्रूफिंग लागू पडत नाही. त्यावर मुलं उड्या मारतात, अंगाबरोबर पाणी बाहेर येतं, बॅकवॉशला पाणी लागतं. पंप ताशी १५ हजार लिटरचा असेल, तर तीन मिनिटांच्या बॅकवॉशला साडेसातशे लिटर गेले. हे सगळं गळती म्हणून धरलं जातं.

मग खरी गळती ओळखायची कशी? नाशिककरांना मोजपट्टी काय असते ते मी सांगायला नको. पावसाळ्यात पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. तलावालाही असाच एक मारुती लागतो. तो म्हणजे बादली.

साधी बादली घ्या, तिच्यात तलावाचंच पाणी भरा, आणि तलावाच्या पायरीवर ठेवा. बादलीचा काठ पाण्याच्या वर राहिला पाहिजे, बाकी बादली पाण्यात. हलू नये म्हणून तळाशी एक दगड टाका. बादलीच्या आतल्या पाण्याची पातळी खुणेने दाखवा, आणि बाहेरच्या बाजूला तलावाची पातळीही. पंप बंद. पोहणं बंद. नवीन पाणी येणारी लाइन बंद. चोवीस तासांनी दोन्ही खुणा मोजा. बादलीवर तेच ऊन, तोच वारा, पाण्याचं तापमानही जवळपास तेच. तेव्हा बादलीतून जितकं उतरलं तितकं बाष्पीभवन. तलावातून त्याहून जास्त उतरलं असेल तर जास्तीचं पाणी गळतीचं. उदाहरण घेऊ. बादली ८ मिलिमीटर उतरली, तलाव १९. फरक ११ मिलिमीटर. गुणिले ७२, म्हणजे रोज जवळपास आठशे लिटर. बारा-तेरा दिवसांत दहा हजारांचा एक टँकर जमिनीत. आणि दोन्ही सारखेच उतरले असतील तर वॉटरप्रूफिंगवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

यात मी ‘पाणी येणारी लाइन बंद’ म्हटलं, ते पुष्कळ जण विसरतात. आपल्याकडचे बहुतेक सोसायटीचे तलाव काठावरून पाणी वाहणारे असतात. काठाचं पाणी चरात पडतं, चरातून बॅलन्सिंग टाकीत जातं, तिथून पंप ते उचलतो. टाकीत बॉलकॉक असतो. पाणी कमी झालं की तो गुपचूप उघडतो. हा बॉलकॉक मोठा प्रामाणिक नोकर आहे, पण तो मालकाला काहीच सांगत नाही. वर्षभर रोज दोन हजार लिटर गळत असेल तरी तलाव काठोकाठ भरलेला दिसतो. म्हणून त्या लाइनवर एक पाण्याचा मीटर बसवा आणि रोज सकाळी आकडा लिहा. वहीत तारीख आणि आकडा, बस. दोन महिन्यांची अशी वही असेल तर माझ्यासारख्याचं अर्धं काम झालेलं असतं.

आपल्या दिंडोरी रोडवर ‘मेरी’ आहे, धरणांवर संशोधन करणारी संस्था. धरणाच्या लोकांशी बोलून बघा. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, हे ते गृहीतच धरतात. आपलं गंगापूर धरण मातीचंच. अशा धरणावर नजर ठेवायची ती पाझर किती आहे, वाढतोय का, आणि येणारं पाणी गढूळ आहे की स्वच्छ, यावर. आकड्यात अचानक बदल झाला की धावपळ करायची. तलावालाही तीच शिस्त चालते.

बरं, गळती आहे हे ठरलं. आता कुठे? पुन्हा तीच बादली. दुसऱ्या दिवशी पंप नेहमीइतका चालवून चाचणी करा. पंप चालू असताना गळती वाढली, तर संशय पंपानंतरच्या पाइपांवर. कारण त्यात पाणी दाबाखाली असतं, बारीक चिरेतूनही जोरात बाहेर पडतं. पंप चालू असताना गळती कमी आणि बंद असताना जास्त, तर संशय पंपाआधीच्या, म्हणजे ओढणाऱ्या पाइपांवर. चालू असताना पंप त्या चिरेतून हवा आत ओढतो, बंद झाला की त्याच चिरेतून पाणी बाहेर जातं. आणि दोन्ही वेळी सारखीच असेल, तर तलावाच्या भिंती, तळ, दिव्याचा कोनाडा हे बघायचं.

काठावरून वाहणाऱ्या तलावात मात्र पंप चालू असताना तलावाची पातळी हलतच नाही, सगळी घट टाकीत दिसते. टाकी २ बाय ३ मीटरची असेल, तर तलावातली १ मिलिमीटर घट टाकीत १२ मिलिमीटर दिसेल. म्हणून तिथे मोजायचं टाकीत, आणि दोन्ही वेळा पंप सुरू होऊन तेवढाच वेळ झालेला असताना. बाष्पीभवनही त्याच टाकीतून वजा होतंय हे धरून चला. टाकी स्वतःच गळते का, हेही पंप बंद ठेवून, चरातून येणारं पाणी थांबल्यावर बघून घ्या. टाकीच्या भिंतीतून पाइप जिथे आरपार जातो तिथला सांधा हा जुना गुन्हेगार आहे.

आता एक जागा सांगतो, जी तलावात नाहीच. वाळूच्या फिल्टरवर एक मोठा दांडा असलेला व्हॉल्व्ह असतो, मल्टिपोर्ट. फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट अशा जागा त्यावर असतात. त्याच्या पोटात चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबरी गॅस्केट असतं. ते झिजलं किंवा जागेवरून उठलं की दांडा ‘फिल्टर’वर असतानाही थोडं थोडं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जात राहतं. लाइन गटारात उतरलेली, कुणाला दिसत नाही. दहा सेकंदांना पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी जात असेल, तर तासाला ७२ लिटर. पंप आठ तास चालला की पावणेसहाशे. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत या गॅस्केटपायी तलावाच्या सगळ्या टाइल्स उखडल्या होत्या. वॉटरप्रूफिंग झालं, नव्या टाइल्स बसल्या, तलाव भरला, आणि पाणी होतं तसंच जात राहिलं. तेव्हा पंप चालू असताना, दांडा ‘फिल्टर’वर ठेवून, सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड जाऊन बघा. कोरडं असलं पाहिजे. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे शून्य. आणि गॅस्केट बिघडतं का? पंप चालू असताना दांडा फिरवल्यामुळे. आधी पंप बंद, मग दांडा दाबायचा, मग फिरवायचा. ऑपरेटर बदलला की ही एक गोष्ट त्याला पहिल्या दिवशी शिकवा.

भिंतीतली गळती शोधायची तर पाण्याला थोडं उतरू द्या. ते आपोआप कुठे थांबतं ते बघा. स्किमरच्या तोंडाखाली येऊन थांबलं, तर स्किमर आणि काँक्रीट यांच्यातला सांधा. प्लास्टिक आणि काँक्रीट उन्हात सारखे फुगत नाहीत, त्यामुळे तिथे फट पडतेच. दिव्याच्या पातळीला थांबलं, तर दिवा. दिव्याची काच नव्हे. दिव्याच्या मागून वायरचा जो पाइप वर जंक्शन बॉक्सकडे जातो, त्याचं तोंड नीट बंद केलेलं नसतं आणि पाणी त्या वाटेने जातं. ही फार नेहमीची गळती आहे आणि तिचा इलाज स्वस्त आहे, पण वायरमन बोलावून, वीज पूर्ण तोडून करायचा.

जागेचा अंदाज आला की रंग लावून खात्री करा. खाण्याचा रंग, सुई नसलेली सिरिंज. पंप बंद, पाणी स्थिर. संशयाच्या फटीजवळ अगदी हळू थेंब सोडायचा. फट पाणी ओढत असेल तर रंगाची रेघ आत वळते. नसेल तर रंग तिथेच ढगासारखा तरंगतो. हे ऑपरेटरला चष्मा लावून, श्वास रोखून करावं लागतं. काठावर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय करू नये.

एक निरीक्षण फुकटात होतं. पाणी स्वतःच उत्तम लेव्हल-पाइप आहे. पंप बंद असताना चारी कोपऱ्यांत काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. एका कोपऱ्यात २ सेंटिमीटर आणि समोरच्यात ४ असेल, किंवा काठावरून पाणी एकाच बाजूने वाहत असेल, तर एकतर काठ बांधतानाच चुकला आहे, नाहीतर तलाव एका बाजूला बसतोय. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अर्धा तलाव मुरमावर आणि अर्धा काळ्या मातीवर असेल तर पुढचं सांगायला नको. हा फरक वर्षागणिक वाढत असेल, तर प्लंबर-गवंडी यांचं काम संपलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो.

आता दुसऱ्या उत्तराकडे येतो, ‘रिकामा करून बघू’. भरलेल्या तलावाला आपण जड समजतो आणि रिकाम्याला हलका, निर्धोक. उलट आहे. आपल्याकडे वर माती-मुरूम आणि खाली काळा पाषाण. तलावासाठी खड्डा खोदला की त्या पाषाणात एक वाडगा तयार होतो. पावसाळ्यात त्या वाडग्यात, तलावाच्या भिंतीबाहेर, पाणी साचतं. त्याला जायला वाट नसते. तळाखाली १ मीटर उंचीचा पाण्याचा दाब आला, तर दर चौरस मीटरला १ टन जोर वर लागतो. आपल्या ७२ चौरस मीटरच्या तळाला ७२ टन. २० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला अर्धा टन. तलावात पाणी असतं तेव्हा तेच हा जोर दाबून ठेवतं. तुम्ही पाणी काढलंत की तळ फुगतो, चिरतो, किंवा अख्खा तलाव नावेसारखा एका बाजूने उचलला जातो. पाइप तुटतात ते वेगळेच. आणि तुमची स्वतःची गळती जमिनीत मुरून तळाखाली साचलेली असते, म्हणजे भर एप्रिलमध्येही तिथे पाणी असू शकतं! म्हणून रिकामा करायचाच असेल तर उन्हाळ्यात. बाजूला एक भोक किंवा छोटा खड्डा घेऊन बाहेरच्या पाण्याची पातळी बघून. तळात दाब सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर तो चालतोय याची खात्री करून. जून ते ऑक्टोबर तलावाला हात लावू नका. कंत्राटदार म्हणाला, ‘पावसाळ्यात तसाही बंद असतो, तेव्हाच उरकून टाकू’, तर त्याला हा ७२ टनांचा हिशेब दाखवा.

पंपाच्या तक्रारींवर थोडक्यात बोलतो.

तलावात येणाऱ्या पाण्यात बुडबुडे येताहेत, म्हणजे पंपाआधी कुठेतरी हवा शिरतेय. आधी बॉलकॉक आणि टाकीची पातळी बघा, पाणीच कमी असेल तर हवा येणारच. मग पंपाच्या जाळीच्या झाकणाची रबरी रिंग. ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. गाडीचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. तरीही बुडबुडे असतील तर ओढणाऱ्या पाइपाच्या एकेका सांध्यावर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तो सांधा.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही: एक फेजची असेल तर बहुधा कपॅसिटर गेला. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. पंप आणि मोटर यांच्या मधून थेंब पडताहेत, तर मेकॅनिकल सील. पाण्याशिवाय पंप चालला की हे सील जळतं. नुसतं सील बदलून उपयोग नाही, कोरडा का चालला तेही शोधा.

एक गंमत सांगतो. तीन फेजचा पंप, काल चांगला होता, आज आवाज ठीक, मोटर फिरतेय, पण दाब नाही. सगळे फिल्टर खोलून बसतात. विचारायचं एवढंच, की काल वायरमन आला होता का, केबलचं काम झालं का? दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. पाणी थोडं थोडं येतं, म्हणून शंका येत नाही. मोटरवरचा बाण आणि पंख्याची दिशा बघा.

फिल्टरचा दाबमापक हा तुमचा डॉक्टर आहे, पण अर्ध्या तलावांवर तो बंद पडलेला असतो. नवा बसवा, महाग नाही. बॅकवॉश केल्यावर लगेच काटा कुठे आहे ते खडूने लिहा. त्याहून अर्धा-पाऊण बार वाढला की बॅकवॉश. दाब कमी झाला तर अडचण पंपाच्या आधी, जाळीत पानं नाहीतर हवा. तलावाच्या तळाशी वाळू दिसू लागली तर फिल्टरच्या आतली एखादी जाळीची नळी तुटलीय.

आणि या दोन तक्रारींत चाचणी-बिचणी काही करायची नाही, तलाव त्या क्षणी बंद करायचा. पहिली, पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येणं. सगळ्यांना बाहेर काढा, मेन स्विच बंद. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच हवेत, ट्रान्सफॉर्मरमधून, आणि प्लँट रूमला ३० मिलिअँपिअरचा अर्थ-गळती ब्रेकर हवा. दुसरी, तळाची जाळी तुटलेली किंवा सुटलेली. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात तळाच्या ओढीला अडकून बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिला ओढून काढायला मोठ्या माणसांना जोर लावावा लागला होता. २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, सार्वजनिक तलावांना न अडकणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. आपल्याकडे अजूनही ‘जाळी पुढच्या आठवड्यात येतेय’ म्हणून तलाव चालू ठेवतात. एकच ओढणारं तोंड असेल तर ते झाकलं गेल्यावर पंपाचा सगळा जोर त्या एका शरीरावर येतो. म्हणून दोन तोंडं हवीत, एकमेकांपासून लांब, आणि जाळ्या फुगीर, स्क्रूने घट्ट. रोज सकाळी तलाव उघडण्याआधी नजर टाका.

प्रश्न: सर, पाणी भरून ठेवलं तर पावसाळ्यात हिरवं होतं. मग काढून टाकणं सोपं नाही का?

हिरवं झालं तर होऊ द्या. ते क्लोरीनने आणि फिल्टरने साफ होतं, उचललेला तळ परत बसत नाही. आठवड्यातून दोनदा पंप चालवा, क्लोरीन ठेवा, डास होणार नाहीत एवढं बघा. औषधांचं एक सांगतो, दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीन एका बादलीत मिसळू नका आणि आम्लाचे कॅन त्यांच्या शेजारी ठेवू नका. आग लागते, विषारी वायू होतो.

प्रश्न: आमचा बादलीचा फरक रोज २ मिलिमीटर येतो. दुरुस्ती करावी का?

तुमचा तलाव केवढा? ... दहा बाय पाच. म्हणजे ५० चौरस मीटर, रोज १०० लिटर. आधी चाचणी आणखी दोनदा करा, २ मिलिमीटरची चूक खूण वाचण्यातही होते. तिन्ही वेळा तेच आलं तर मल्टिपोर्ट, दिवा, स्किमर एवढं तपासा. तलाव फोडू नका. आकडा लिहीत राहा. वाढला तर मला दाखवा.

प्रश्न: (एक ऑपरेटर) रात्री पंप बंद केला की सकाळी पंपात पाणीच नसतं. रोज बादलीने भरावं लागतं.

तुमची प्लँट रूम पाण्याच्या पातळीच्या वर आहे ना? ... मग रात्री कुठून तरी हवा शिरते आणि पाणी मागे उतरतं. झाकणाची रिंग आणि पंपाच्या आधीच्या व्हॉल्व्हचं ग्लँड आधी बघा, मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून त्यात पान किंवा खडा अडकलाय का ते बघा. तोपर्यंत पंप बंद केल्यावर ओढणारा आणि ढकलणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून घरी जा. सकाळी आधी ते उघडायचे, मग पंपाचं बटण. व्हॉल्व्ह बंद असताना पंप सुरू झाला तर सील गेलंच, म्हणून स्टार्टरला एक पाटी लावून ठेवा.